ओल्या मातीवर थरथरणारी गिटार

आमच्या दाजींच्या कानात शिट्टी वाजते. सकाळी जाग आल्यापासून डोळा लागेपर्यंत, एकसारखी, दम न घेता. उमेदीची सगळी वर्षं तोफखान्यात गेली, त्याचं हे बक्षीस. पेन्शन घ्यायला बँकेत जावं लागतं, शिट्टी घरपोच मिळते, असं ते स्वतःच सांगतात आणि स्वतःच हसतात. आजवर कुणी त्यावर फारसा विचार केला नव्हता. मीही नाही.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, आक्काचे यजमान. कराडला लागून असलेल्या मलकापूरच्या पुढं, गाव सोडून उसाच्या रानात त्यांची वस्ती आहे. दोन खोल्या, पुढं पत्र्याची पडवी, बाजूला गोठा आणि विहिरीवर मोटर. फौजेतून ते कायमचे घरी आले तेव्हा ट्रंकेबरोबर काळ्या पिशवीत लांबलचक काहीतरी होतं. गावाला वाटलं, गड्यानं बंदूक आणली. निघाली इलेक्ट्रिक गिटार. त्यांच्या पलटणीत मिझोरामचा एक जवान होता, त्यानं शिकवलेली. बडा खाना, म्हणजे पलटणीची मेजवानी, असली की हे दोघं वाजवायचे आणि साहेबलोकसुद्धा ठेका धरायचे म्हणे. गावी आल्यावर मात्र ती पिशवी खुंटीला अडकली ती अडकलीच. विचारलं तर सांगायचे, "आता कुठला येळ, पावणं." बायकोच्या भावाला आमच्याकडं पावणं म्हणतात, त्यामुळं या घरात मी जन्माचा पाहुणा.

मी साताऱ्यात एका कॉलेजच्या ग्रंथालयात नोकरीला आहे. दिवसभर पोरांना गप्प बसा म्हणायचं आणि संध्याकाळी घरी येऊन गप्प पडलेले जुने रेडिओ बोलते करायचे, हा माझा नाद. साधेसुधे रेडिओ नव्हेत, व्हॉल्व्हचे. आत काचेच्या नळ्या असतात, त्या दिव्यासारख्या तांबूस पेटतात आणि मग आवाज येतो. माझ्या खोलीत अशा नळ्या, तारा, पत्र्याच्या पेट्या यांचा इतका पसारा आहे की बायको तिथं झाडू घेऊन येत नाही.

परवाच्या भाऊबीजेला आक्कानं ओवाळलं, जेवणं झाली आणि मी पडवीत फोन चाळत बसलो होतो. कुठलासा व्हिडिओ लागला. त्यात एकजण गिटार वाजवत होता आणि तिचा सूर पाण्यावर ऊन हलावं तसा थरथरत होता. पलीकडं बाजेवर आडवे झालेले दाजी एकदम उठून बसले.

"ही गिटार हाय!"

"व्हय, गिटारच हाय," मी म्हणालो. त्यात एवढं काय, असं मला वाटलं.

"आवं, मला ऐकू आली!"

तेव्हा कुठं त्यांनी सांगितलं. बोलणं त्यांना ऐकू येतं, अर्धंमुर्धं. पण गिटारचा लांब सूर काढला की तो कानातल्या शिट्टीत मिसळून जातो. "तारेचा कुठला आन् माझा कुठला, ह्येच कळत न्हाई. मग वाजवायचं कुणासाठी?" हा सूर थरथरत होता आणि शिट्टी काही थरथरत नाही, म्हणून दोघं वेगळे ओळखू आले. इतकी साधी गोष्ट. इतक्या वर्षांत त्यांनी कुणाला सांगितली नव्हती आणि कुणी विचारलीही नव्हती.

आक्का आतून म्हणाली, "मी चारचारदा हाक मारते, ती ऐकू येत न्हाई. फोनातलं बरं ऐकू येतं. ऐकूनच घ्यायचं नसतं मानसाला."

मी तिथल्या तिथं सांगून टाकलं की दाजींच्या गिटारला सूर थरथरवणारं सर्किट मी करून देतो. त्याला ट्रेमोलो म्हणतात. बाजारात तसली तयार डबी मिळते, सेलवर चालते, बुटानं दाबायची. हे मला चांगलं ठाऊक होतं. "मग इकतच आण की," असं आक्का म्हणालीही. पण घरी व्हॉल्व्हची पेटी असताना डबी विकत आणायची म्हणजे सुताराच्या घरात बाजारचा पाट. आमचा स्वभाव तसा नाही.

या सर्किटची गंमत आहे. व्हॉल्व्हमधून बाहेर पडलेली वीज तीन कपॅसिटरांतून फिरवून पुन्हा त्याच्याच तोंडाशी आणून सोडायची. प्रत्येक कपॅसिटरपाशी तिला जरा उशीर होतो. ती परत येऊन पोचते तेव्हा व्हॉल्व्ह दचकतो आणि उलटा वागतो, त्याचा परिणाम फिरून आला की पुन्हा उलटा. असा तो आपला आपणच झोके घ्यायला लागतो. हे झोके गिटारच्या आवाजाला जोडले की आवाज लहानमोठा होत राहतो, म्हणजे थरथरतो. अट एकच, व्हॉल्व्हमध्ये जोर हवा. जोर जरा कमी पडला की झोका विरतो आणि सर्किट ढिम्म बसतं. गिटार वाजते, पण सरळसोट.

माझं पहिल्यांदा ढिम्मच बसलं. पेटीतले सगळे व्हॉल्व्ह म्हातारे निघाले. मग सांगलीला गेलो. तिथं पेठेच्या मागच्या बोळात एकजण पूर्वी जत्रांना लाऊडस्पीकर भाड्यानं द्यायचा. आता त्याच्या दुकानात मोबाईलची कव्हरं लटकतात, पण माळ्यावर चहाच्या डब्यात त्यानं न वापरलेले व्हॉल्व्ह कापसात गुंडाळून ठेवले होते. "ह्ये अजून लागत्यात व्हय कुणाला?" असं म्हणत त्यानं ते लेकरासारखे हातात दिले. घरी येऊन नवा व्हॉल्व्ह बसवला आणि मीटर लावला, तर काटा डावीकडं, उजवीकडं, डावीकडं असा झुलायला लागला. मी बायकोला ओरडून बोलावलं. तिनं थोडा वेळ काटा पाहिला आणि जेवायला चला म्हणाली.

पुढच्याच रविवारी ते सर्किट बसवलेला ॲम्प्लिफायर, म्हणजे गिटारचा आवाज मोठा करणारी पेटी, गाडीत घालून वस्तीवर पोचलो. उसाला नुकतं पाणी दिलेलं होतं, सरीसरीत चकाकत होतं, चिखलानं चपला जड झाल्या. पडवीत सगळं मांडलं. दाजींनी नव्या तारा चढवून ठेवल्या होत्या. त्यांनी गिटार मांडीवर घेतली, एक सूर छेडला आणि तो थरथरत पडवीभर पसरला. दाजी मान वाकडी करून ऐकत राहिले. दुसरा छेडला. मग बोटं चुकतमाकत, अडखळत एका जुन्या चालीवर गेली. मधेच थांबून ते म्हणाले, "पावणं, ह्यो मीच वाजवतोय न्हवं?" इतका आनंद मला माझ्या कुठल्याही रेडिओनं दिला नव्हता.

आठवडाभर रोज फोन यायचा, आज हे वाजवलं, उद्या ते बसवतो. मग एक दिवस आवाज पडलेला. "थरथर बंद झाली. गिटार वाजतीया, पर मला घावत न्हाई."

गेलो. खरंच ढिम्म. ॲम्प्लिफायर साताऱ्याला आणला, चालू केला, तर काटा मजेत झुलतोय! मी म्हटलं, हायवेच्या खड्ड्यांनी एखादा सांधा सुटला असेल आणि परत येताना बसला असेल. सगळे सांधे पुन्हा सोल्डर केले. वस्तीवर नेला, तर ढिम्म. कपॅसिटर बदलले. ढिम्म. साताऱ्यात तोच शहाण्यासारखा चालायचा. उसाच्या रानातली दमट हवा लागत असेल म्हणून पेटीला आतून मेणबत्तीचं मेण लावलं. मुंग्या शिरत असतील म्हणून हळद टाकली. साप साप म्हणून भुई धोपटणं म्हणतात ते मी रीतसर करत होतो. त्यात एकदा तर वस्तीवर नेल्या नेल्या तो उत्तम चालला, मी छाती फुगवून जेवलो आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा फोन आला. मी चिडून ॲम्प्लिफायरला अशा शिव्या दिल्या की फोन ठेवल्यावर बायकोनं विचारलं, कुणाशी भांडण झालं?

दाजींनी मात्र मनानं आवरतं घेतलं. फोनवर म्हणाले, "पावणं, तुमी लय केलं. आता न्हाई व्हायचं. पुतन्या ऑर्केस्ट्रात वाजवतोय, त्याला दिऊन टाकतो गिटार. ऐतवारी येनार हाय न्यायला." सांगताना त्यांचा आवाज अगदी सरळ होता. तोच मला लागला. एकदा ऐकू आल्यावर पुन्हा ऐकू न येणं हे आधीपेक्षा वाईट, आणि ते वाईट मी त्यांच्या दारात नेऊन ठेवलं होतं.

रविवारी पुतण्याच्या आधी मी तिथं हजर. या वेळी ठरवून आलो होतो की पेटी उघडायचीच नाही. पेटी साताऱ्यात चालते आणि इथं चालत नाही, तर खोट पेटीत कशी असेल? मग इथं काय वेगळं आहे? हा प्रश्न मी पहिल्याच दिवशी विचारायला हवा होता, पण माणूस ज्यात हुशार असतो तिथंच आधी उकरत बसतो. मी मीटर थेट पडवीतल्या प्लगला लावला. दोनशे तीस व्होल्टच्या आसपास काटा हवा, तो दीडशेच्या जरा वरच लोळत होता.

"दाजी, लाईट लय कमी हाय."

"कशी कमी असंल? बल्ब तर झकास पेटलाय."

पेटला होता खरा. पण तो हल्लीचा एलईडी बल्ब. त्याला दीडशे काय आणि अडीचशे काय, तो तसाच पांढरा हसत राहतो. पूर्वीचा पिवळा बल्ब असता तर मिणमिणून त्यानं केव्हाच चहाडी केली असती. इतक्या कमी विजेवर माझ्या व्हॉल्व्हमध्ये झोका घेण्याएवढा जोर येणार कुठून? आता वीज का कमी आहे, एवढंच बघायचं राहिलं. मी प्लगपासून वायरचा माग काढत निघालो. एक वायर मोटरच्या स्टार्टरच्या पेटीत गेली होती. दुसरी खिडकीतून बाहेर पडून भिंतीच्या कडेनं उसाच्या पहिल्या सरीपर्यंत गेली होती आणि तिथं एका गंजक्या सळईला गुंडाळलेली होती. सळई मातीत ठोकलेली.

रानातल्या वस्त्यांवर हे सर्रास करतात. मोटरला तीन फेज येतात, वीज परत नेणारी न्यूट्रलची वायर येत नाही. मग घरातला दिवा लावायचा कसा? एका फेजची वायर घ्यायची आणि दुसरीच्या जागी जमीनच वापरायची. माती ओली असेल तर वीज तिच्यातून सुखानं जाते. माती सुकली की अडखळते.

मी सळईपाशी उकिडवा बसलो आणि माती चिमटीत घेतली. पिठासारखी कोरडी.

"दाजी, ह्या सरीला पाणी कवा दिलं हुतं?"

त्यांनी सांगितलं. मग त्याच्या आधीची पाळी कधी, त्याच्या आधीची कधी, हे आम्ही आठवत गेलो. ज्या ज्या दिवशी गिटार थरथरली होती, त्याच्या आधीच्या आठवडाभरात उसाला पाणी दिलेलं होतं. मी सांगलीपर्यंत हिंडून आलो आणि खोट पडवीबाहेर चार पावलांवर उन्हात पडली होती. नाचता येईना अंगण वाकडं, असं दाजी मला महिनाभर ऐकवत होते. इथं अंगण खरोखरच वाकडं निघालं.

मी दाजींना सांगितलं, आत जाऊन एकच सूर छेडत राहा. आक्काला म्हटलं, पंपाचं बटण बंद आहे ना बघ, आणि लांबूनच, पायात चप्पल घालून, ह्या सळईभोवती घागरभर पाणी ओत.

"सळईला पाणी? खुळा झालास का रं?"

"तू वत तर खरं."

ती तुळशीला घालावं तसं, पण तोंडानं माझी अक्कल काढत पाणी ओतू लागली. मी प्लगपाशी मीटर धरून बसलो. काटा जरा हलला. थांबला. मग माती पाणी पीत गेली तसा हळूहळू वर चढायला लागला. आत दाजी सरळसोट सूर छेडत होते, टंऽऽ, टंऽऽ, आणि मधल्या एका सुराला जराशी लहर आली. पुढच्या सुराला जास्त. मग अख्खा सूर थरथरायला लागला आणि आतून दाजी ओरडले, "आली! आली! पावणं, आली!" आक्का रिकामी घागर घेऊन तशीच उभी राहिली. पाणी मातीत ओतलं आणि गिटार सुधारली, हे तिला जितकं अजब वाटलं तितकंच मलाही वाटत होतं, कारण समजलं असूनही.

पुतण्या आला तो चहा पिऊन रिकाम्या हातानं परत गेला.

सळईला रोज पाणी घालायचं असं दाजींनी लगेच ठरवूनही टाकलं. मी मात्र ऐकलं नाही. गिटारच्या तारांना हात लावला की बोटांना मुंग्या येतात, असं ते मागं म्हणाले होते. सवय मोडल्यामुळं असेल, असं मला वाटलं होतं. त्या मुंग्या विजेच्या होत्या, हे आता कळून अंगावर काटा आला. त्याच ओल्या सरीतून आक्का अनवाणी गवत कापायला जाते. "इतकी वर्सं चाललंय की," असं म्हणत दाजी कुरकुरले, पण वायरमन बोलावून डीपीवरून, म्हणजे रानातल्या ट्रान्सफॉर्मरवरून, न्यूट्रलची लाईन ओढून घेतली, पेटीला वेगळं अर्थिंग केलं आणि ती सळई मी स्वतः उपटून गोठ्यामागं फेकली. त्यानंतर सर्किट एकदाही रुसलं नाही.

परवा मार्चमध्ये पुन्हा गेलो होतो. दुपारची वेळ, पडवीत सावली. दाजी वाजवून थकले होते आणि थरथरीचा वेग कमीजास्त करायचं बटण उगीच फिरवत बसले होते. ते शेवटापर्यंत फिरवून त्यांनी विचारलं, "ह्याच्या म्होरं जात न्हाई का?"

"नेता येतं," मी म्हणालो. "पर लय वेगानं थरथरलं की थरथर कळत न्हाई, दाजी. तिचाच सूर हुतो. आनखी वेग वाढवला की शिट्टी."

"शिट्टी?"

"व्हय. बारीक शिट्टी."

त्यांनी बटण सोडलं आणि पेटी माझ्याकडं सरकवली. मग म्हणाले, "करा बघू."

मला नाहीतरी कुठलीही पेटी उघडायला निमित्त लागतं. मोठे तीन कपॅसिटर काढून अगदी बारीक, बडीशेपेच्या दाण्याएवढे बसवले आणि त्या झोक्याची वायर सरळ आवाजाच्या वाटेवर जोडली. आता गिटारचीही गरज नव्हती. बटण दाबल्याबरोबर स्पीकरमधून अशी शिट्टी निघाली की गोठ्यातल्या म्हशीनं मान फिरवली आणि आक्का पिठाच्या हातानं बाहेर आली.

"काय चालवलंय रं? कान किटलं की!"

दाजींनी हातानं तिला थांबवलं. डोळे मिटले आणि वेगाचं बटण हळू फिरवायला लागले. शिट्टी वर गेली, खाली आली. "न्हाई... जरा वर... हां, गेली पुढं." परत खाली. मग दुसऱ्या हातानं आवाज कमी केला, आणखी कमी केला. ते कशाशी काय जुळवतायत, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं. शेवटी त्यांची बोटं थांबली.

"हीच," ते म्हणाले.

"हीच म्हंजे?" आक्कानं विचारलं.

"माझी शिट्टी. ही आसली हाय."

आक्का खाली बसली. आता आवाज मोठा नव्हता. पण बारीक, टोकदार, आणि थांबतच नव्हता. तिनं बराच वेळ ऐकलं.

"आवं, जेवताना बी?"

"व्हय."

"निजताना?"

"तवा तर लय."

"आन् मी बोलत असते तवा?"

"तवा बी चालूच असती. तिच्या आडून तुझं बोलनं येतं. कवा घावतं, कवा न्हाई."

लग्नाला इतकी वर्षं झाली, माणूस ऐकून घेत नाही म्हणून आक्कानं किती आदळआपट केली असेल, ती सगळी तिच्या तोंडावर मला दिसत होती. तिनं आणखी थोडं सोसलं. मग दोन्ही हात कानांवर दाबले, पीठ केसांना लागलं, तिकडं तिचं ध्यान नव्हतं.

"बंद कर रं ते. बंद कर, मला न्हाई सोसवत."

मी बटण दाबलं. पडवी शांत झाली. उसाच्या पानांची सळसळ पुन्हा ऐकू आली, कुठंतरी लांब ट्रॅक्टर चालला होता. आक्कानं मोठा श्वास सोडला आणि दाजींकडं पाहिलं. दाजी अजून पेटीकडंच बघत होते, तसेच, वाट पाहिल्यासारखे.

"केली का बंद?" त्यांनी विचारलं.

आक्का सरकून त्यांच्या अगदी जवळ गेली, त्यांच्या कानाशी तोंड नेलं आणि सांगितलं, "केली."